कॅटलॉगवाल्या साहेबाबरोबर सोलापूरला

सोलापूरला निघताना मी नेहमीप्रमाणे याद्या केल्या. एक कपड्यांची, एक कागदपत्रांची आणि एक साहेबाच्या खाण्यापिण्याची. तिसऱ्या यादीत उकळलेलं पाणी, बिस्किटं, केळी, उकडलेली अंडी आणि पोटाच्या गोळ्या होत्या. मला कशाकशाचा राग येणार आहे याचीही यादी करायला हवी होती. ती मी केली नाही, पण प्रवासात ती आपोआप भरत गेली.

मी मुंबईत फोर्टमधल्या एका निर्यात कंपनीत माल तपासण्याचं काम करत होते. परदेशी जाणारे टॉवेल, चादरी, सतरंज्या मोजून, ओढून, धुऊन पाहायच्या आणि शेरा मारायचा. इंग्लंडमधली एक मोठी कंपनी आमची गिऱ्हाईक होती. या कंपनीचं दुकान असं कुठेच नाही. ती वर्षातून दोनदा हजार पानांचं एक रंगीत पुस्तक छापते आणि घरोघरी पाठवते. लोक चित्र बघून वस्तू मागवतात, वस्तू पोस्टाने येते. त्या पुस्तकात एका पानावर आपली सोलापुरी चादर आली होती, निळ्या जमिनीवर पांढरे मोर. दोन हजार चादरींची ऑर्डर आमच्यामार्फत सोलापूरच्या अंबय्यांना मिळाली. त्यांतल्या सहाशे इंग्लंडला गेल्या आणि निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकांनी परत पाठवल्या. कारण एकच, ‘रंग चित्राप्रमाणे नाही’.

आता कंपनीचे पार्टन नावाचे साहेब स्वतः चौकशीला आले होते. आमच्या मॅनेजरांनी मला बोलावलं आणि टाइप केलेला एक कागद हातात दिला. त्यावर लिहिलं होतं की दोष विणणाऱ्याचा आहे आणि तो त्याला मान्य आहे. खाली अंबय्यांच्या सहीची जागा. सही झाली की ऑर्डर रद्द आणि आम्ही मोकळे.

अंबय्या वीस वर्षं दुसऱ्याच्या मागावर विणत होते. या ऑर्डरच्या भरवशावर त्यांनी स्वतःचे आठ माग घेतले होते. ऑर्डर गेली तर माग जाणार आणि ते पुन्हा दुसऱ्याच्या कारखान्यात उभे राहणार, हे मला ठाऊक होतं. मॅनेजरांनाही ठाऊक होतं. तरी मी तो कागद कागदपत्रांच्या यादीत सहाव्या क्रमांकावर लिहिला आणि पिशवीत घातला.

मंगळवार. टेंभुर्णी

मुंबईपासून टेंभुर्णीपर्यंतचा रस्ता मी गाळते. घाट, पुणे आणि ऊस, एवढंच त्यात होतं. भीमा ओलांडली आणि मुलूख बदलला. माझ्यासारख्या कोकणातल्या माणसाला ही मोकळी जमीन पहिल्यांदा उघडी पडल्यासारखी वाटते. काळी माती, उभी ज्वारी, मधूनच एखादी बाभळ आणि वर आभाळच आभाळ. हुरड्याचे दिवस होते. नजर अडवायला काही नाही म्हणून मला दहा मिनिटं बरं वाटलं. मग गाडीच्या पंख्याचा पट्टा तुटला.

आमचे ड्रायव्हर इस्माईलभाई मूळचे सोलापूरचे. त्यांनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि जाहीर केलं, “पट्टा गया मॅडम. अब दो घंटे चाय पिओ आरामसे.”

टेंभुर्णी म्हणजे ट्रकवाल्यांचं गाव. चारी बाजूंनी रस्ते येतात. आम्ही एका हॉटेलच्या बाकावर बसलो. पार्टन साहेबांनी मांडीवर ते हजार पानांचं पुस्तक उघडलं आणि पाच मिनिटांत आमच्याभोवती माणसांचं कडं झालं. एक पटकेवाले आजोबा अगदी वाकून बघत होते.

“बाई, पोथी कसली म्हनायची ही?”

“पोथी नाही आजोबा, दुकान आहे ते.”

“दुकान? मग काटा कुटं हाय?”

मी समजावून सांगितलं. चित्र बघायचं, नंबर कळवायचा, वस्तू घरी येते. नाही आवडली तर चौदा दिवसांत परत पाठवायची, कारण सांगितलंच पाहिजे असं नाही.

आजोबांनी क्षणभर विचार केला. “म्हंजे पेरणीला बैल मागवायचा आनि पेरणी उरकली की द्यायचा माघारी धाडून. ब्येस हाय की!”

सगळं कडं हसलं. साहेबांनी काय झालं विचारलं, मी भाषांतर केलं. ते हसले नाहीत. अगदी गंभीरपणे म्हणाले की असे लोक त्यांच्याकडेही आहेत. लग्नासाठी कोट मागवतात, लग्नात घालतात आणि तेराव्या दिवशी परत करतात. खिशात केकचे तुकडे सापडतात.

हे त्यांचं बोलणं मला आवडलं. म्हणून मी कंपनीची आणखी माहिती विचारली आणि त्यांनी ती मनापासून सांगितली. उत्तर इंग्लंडमधलं एक कापड गिरण्यांचं गाव. तिथे एक घड्याळवाला होता. गिरणी कामगारांना घड्याळ हवं असे, पण एकदम विकत घेण्याची ऐपत नसे. घड्याळवाल्याने वीस-वीस जणांची मंडळं केली. प्रत्येकाने आठवड्याला एक शिलिंग द्यायचा, दर आठवड्याला चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव निघेल त्याला त्या आठवड्याचं घड्याळ. वीस आठवड्यांत विसांकडे घड्याळं. पुढे घड्याळाबरोबर बूट आले, मग ब्लँकेटं, मग पुस्तक छापलं. मंडळ चालवायला गल्लीतलीच एखादी बाई नेमायची. ती शेजारणींना चहाला बोलवायची आणि पुस्तक दाखवायची. तिला विक्रीवर थोडं कमिशन. पार्टन साहेबांची आई अशीच एक एजंट होती. स्वयंपाकघराच्या टेबलावर हे पुस्तक कायम असायचं, त्यावर साहेब वाचायला शिकले. वडील तिथल्या गिरणीत मागावर होते. ती गिरणी पुढे बंद पडली आणि कंपनीने ती इमारत गोदाम म्हणून घेतली. जिथे वडील विणायचे तिथे आता मुलगा दुसऱ्यांनी विणलेला माल मोजतो.

“अशी कल्पना फक्त आमच्याच माणसाला सुचू शकते,” साहेब म्हणाले. मंडळाबद्दल म्हणाले ते.

इस्माईलभाई पट्टा बसवून हात पुसत उभे होते. मी त्यांना चिठ्ठीचा प्रकार सांगितला.

“अरे, ये तो भिशी है की मॅडम! हमारी अम्मा चलाती बीस बरससे. साहबको बोलो, उनके उनो घड्याळवाले हमारी गल्लीमेंच सीखके गये होंगे.”

मी तेही भाषांतर केलं. साहेब म्हणाले, “नाही, नाही, हे वेगळं असणार.” भिशी कशी असते ते त्यांनी विचारलं नाही, की वेगळं कसं ते मला सांगितलं नाही. त्यांना खात्री होती. माझी रागाची यादी इथे सुरू झाली.

मोडनिंबला इस्माईलभाईंनी रस्त्याकडेला बोरं घेतली. साहेबांनी ती पोटॅशच्या पाण्यात धुतल्याशिवाय खायला नकार दिला. मी पावशेर खाल्ली.

बुधवार. सोलापूर, पूर्व भाग

सोलापूरच्या पूर्व भागात शिरलं की कानाला पहिली जाणीव होते. घराघरातून मागांचा खटखटाट येतो आणि बोलायचं तर ओरडून. लोकांना सवय आहे. दोन बाया दारात उभ्या राहून तेलुगूत ओरडून गप्पा मारत होत्या. आधी मला भांडण वाटलं, पण त्या हसत होत्या.

अंबय्यांचा कारखाना त्या गल्लीत एकटा गप्प होता. आमच्याच ऑफिसच्या तारेने तो थांबवला होता: ‘पुढील सूचनेपर्यंत विणकाम बंद ठेवा’. आठ मागांवर आठ चादरी जिथल्या तिथे अडकल्या होत्या. एका मागावर मोराचा पिसारा झाला होता, मान व्हायची होती. भिंतीला टेकून सातशे तयार चादरींचे गठ्ठे. कामगार ओट्यावर बसून होते. आम्ही आलो तसे सगळे उठले. त्या उठण्याने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अंबय्या पन्नाशीचे, बारीक, पांढरा सदरा. नमस्कार केला, पण हसले नाहीत.

“या बाई. तुमीच पास केला होता माल. आता तुमीच आलाय व्हय नापास करायला?”

मी पिशवीतून माझी तपासणीची यादी काढली आणि कामाला लागले. ही यादी मीच तयार केलेली, एकतीस कलमांची. लांबी, रुंदी, वजन, धाग्यांची संख्या, रंगाचा पक्केपणा, दशांच्या गाठी. तीन गठ्ठे सोडले. निळा रंग मंजूर नमुन्याशी उन्हात धरून पाहिला. तसूभर फरक नाही. साबणाच्या गरम पाण्यात तुकडा घातला, पाणी स्वच्छ राहिलं. मग कॅटलॉगचं पान उघडून शेजारी धरलं. चित्रातली निळाई आणि चादरीची निळाई एकच होती.

“मग काय हो चित्रापरमानं न्हाई?” अंबय्यांनी विचारलं. “साहेबाचे डोळे दुखतात का, विचारा की!”

तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. अंबय्यांच्या पत्नी नरसम्मा यांनी आग्रह करून बसवलं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, चिंचेचं आंबट वरण आणि भात. आमच्याकडे पाहुण्याला भात आधी वाढतात, इथे भाकरी मोडल्याशिवाय जेवण सुरू झालं असं कुणी मानत नाही. त्या कडक भाकरीचा आवाज पापडासारखा येतो आणि ती महिनाभर टिकते. साहेबांनी आंबट वरण सोडून सगळं खाल्लं. चटणीने त्यांचे डोळे भरून आले, तरी दुसऱ्यांदा मागितली. नरसम्मांनी तेवढ्यावरून त्यांना माणसांत घेतलं.

जेवण झाल्यावर साहेबांनी आपली बॅग उघडली. परत आलेल्या चादरींपैकी तीन त्यांनी नमुना म्हणून आणल्या होत्या. त्यांनी एक उलगडली आणि अंगणातल्या बाजेवर नीट, कोपरे ओढून अंथरली. पांढऱ्या जमिनीवर निळे मोर.

“बघा,” साहेब म्हणाले. “निळी मागवली होती.”

नरसम्मा ताटं उचलून निघाल्या होत्या. त्या थांबल्या. चादरीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. ओट्यावरचे कामगार हसायला लागले. मग त्यांनी ताटं खाली ठेवली, चादरीचं एक टोक धरून ती फटकन पालटली आणि मराठीत म्हणाल्या,

“उलटी टाकलीय की!”

बाजेवर निळ्या जमिनीवर पांढरे मोर. कॅटलॉगच्या पानासारखे, हुबेहूब.

ज्यांनी सोलापुरी चादर पांघरली आहे त्यांना हे सांगायला नको. तिची वीण दुहेरी असते. एका बाजूला जो रंग जमिनीचा, तोच दुसऱ्या बाजूला नक्षीचा. दोन्ही बाजू सारख्याच साफ. प्रश्न एवढाच की सुलटी बाजू कुठली. नरसम्मांनी कोपऱ्यातल्या लेबलावर बोट ठेवलं. कंपनीच्या नावाचं विणलेलं रेशमी लेबल, निळ्या बाजूला चारी कडांनी बारीक टाक्यांनी शिवलेलं.

“लेबल हितं हाय. म्हंजे ही वरची बाजू.”

साहेबांचा चेहरा गोंधळला. “पण लेबल नेहमी मागच्या बाजूला असतं,” ते मला म्हणाले. “आमच्याकडे कुणीही पलंगावर लेबल वर करून चादर घालणार नाही. सदरा उलटा घातल्यासारखं दिसेल. लेबल ज्या बाजूला, ती बाजू खाली. हे सगळ्यांना माहीत असतं.”

मी भाषांतर केलं.

“नाव लपवायचंच होतं,” नरसम्मा म्हणाल्या, “तर लावलं कशाला?”

मी तेही भाषांतर केलं. मला पहिल्यांदा हसू आलं आणि त्यापाठोपाठ जो राग आला तो अजून पुरता उतरलेला नाही. इंग्लंडमध्ये शेकडो घरांत शेकडो बायकांनी तीच चादर लेबल खाली करून अंथरली, पांढरी बाजू पाहिली आणि परत बांधली. गोदामात त्या परत आल्या. तिथे परतीच्या कारणांची छापील यादी असते, प्रत्येक कारणाला नंबर. तीन नंबरच्या, म्हणजे रंगाच्या कारणापुढे खुणा वाढत गेल्या. मी साहेबांना विचारलं, “गोदामात एकानेही एक चादर उलगडून, पालटून पाहिली नाही?”

“परत आलेला माल उलगडायला वेळ नसतो, मिसेस सामंत. आम्ही कारणांची बेरीज करतो.”

पालटायला किती वेळ लागतो ते नरसम्मांनी नुकतंच दाखवलं होतं.

आणि मग मी माझी यादी पाहिली. तेविसावं कलम: ‘लेबल कोपऱ्यात, पक्कं शिवलेलं. होय/नाही.’ कुठल्या बाजूला, हे त्यात नव्हतं. मी दोनदा येऊन सहाशे चादरींच्या तेविसाव्या कलमापुढे ‘होय’ लिहून गेले होते. आपण सोलापुरी चादर जन्मभर पाहिलेली, लेबल वर असणार हे मला इतकं स्वाभाविक की विचारावंसंही वाटलं नाही. साहेबाला लेबल खाली असणार हे तितकंच स्वाभाविक. दोघांच्या मधे अंबय्या. त्यांनी फक्त उत्तम विणलं होतं.

“तरीही,” साहेब म्हणाले, “माल पुरवणाऱ्याने विचारून घ्यायला हवं होतं.”

गुरुवार. मंद्रूप

साहेबांना समजेपर्यंत मी त्यांना सोडायचं नाही असं ठरवलं. ते म्हणत होते की लेबल वर लावणं ही अंबय्यांच्या कारखान्यातली ढिलाई असणार. इस्माईलभाई म्हणाले, “आज मंद्रूपका बाजार है मॅडम. साहबको उधर लेके चलो. वहां के शेतकरी लोगां सिखाएंगे इनको.”

मंद्रूप दक्षिणेला, विजापूरच्या वाटेवर. कानावर कानडी पडायला लागते. बाजारात एकच बाई मिरचीवाल्याशी मराठीत, शेजारणीशी कानडीत आणि आपल्या बैलाशी दोन्हींत बोलत होती. साहेब खूश होऊन फोटो काढत सुटले. मी त्यांना चादरींच्या पालापाशी नेलं.

दोरीवर वीस-पंचवीस चादरी टांगलेल्या होत्या. सगळ्यांची लेबलं बाहेर, तोंडासमोर, कुणाचं लाल, कुणाचं सोनेरी. मी दुकानदाराला विचारलं, “लेबल आतल्या बाजूला असलं तर?”

“आत?” त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. “चोरीचा माल हाय का तुमचा?”

“समजा असलं तर?”

“अवो ताई, लेबल दिसल्याबिगर गिऱ्हाईक हातसुदिक लावत न्हाई. लेबलावर हात फिरवतंय, मग चादरीवर. लग्नात रुखवतावर ठेवतात तवा लेबल वर करूनच ठेवतात. न्हाईतर पावण्यांना कळायचं कसं, चांगली दिली म्हनून?”

साहेबांनी प्रत्येक चादर स्वतःच्या हाताने पाहिली. शेवटची पाहून झाल्यावर म्हणाले, “सगळ्याच.”

“सगळ्याच,” मी म्हणाले.

परतताना मी विचारलं, “तुमच्या आईंनी ही चादर पालटून पाहिली असती का?”

त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलं. “पाहिली असती. पण परत पाठवली असती. वर लेबल दिसतंय म्हणून.”

माणूस वाईट नव्हता. तो वाईट असता तर मला राग सोपा गेला असता.

शुक्रवार. पुन्हा पूर्व भागात

सकाळी लॉजच्या व्हरांड्यात साहेबांनी आपला फॉर्म काढला. मान्य, ते म्हणाले, विणकामात दोष नाही. उरलेला माल घेता येईल, लेबलं मागच्या बाजूला हलवली की झालं. पण परत आलेल्या मालाचा दोष कुणाचा, हे भरल्याशिवाय फॉर्म पुरा होत नाही आणि फॉर्म पुरा झाल्याशिवाय ऑर्डर पुन्हा चालू होत नाही. तीन चौकोन होते. विणणारा, तपासणारा, वाहतूक करणारा.

“गिऱ्हाईक?” मी विचारलं. “कॅटलॉग?”

“त्यांच्यासाठी चौकोन नाही.”

“आणि विणणाऱ्यावर खूण केली तर?”

“तर नियमाप्रमाणे त्याची ऑर्डर रद्द होते. दुसऱ्या चौकोनात केली तर चालू राहते.” ते पेनाचं टोपण काढत म्हणाले, “मला कुठलाही चौकोन चालेल, मिसेस सामंत. एक भरलेला हवा.”

मी मोठ्याने बोलले. व्हरांड्यातले दोन फिरते विक्रेते पेपर खाली करून बघायला लागले. मी म्हणाले की आठ माग आठ दिवस बंद आहेत, चौदा माणसं ओट्यावर बसून आहेत, तुम्ही पाच हजार मैल आलात, आणि तुम्हाला कुठलाही चालेल? साहेब लाल झाले, पण पेन तसंच धरून राहिले. ते चुकीचं बोलत नव्हते, खरं बोलत होते. त्यामुळेच मी ओरडले.

पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला. दीड तासाने मॅनेजर मिळाले.

“सामंतबाई, विणकराची सही झाली का?”

“चूक त्यांची नाही. आपली आहे.”

“आपली म्हणजे कुणाची?”

“माझी. लेबलाची बाजू माझ्या यादीत नव्हती.”

“मग ती चूक सोलापुरातच ठेवून या. विणकराची सही आणा, बाकी काही आणू नका. नाहीतर तपासणीचं टेबल तुमचं राहणार नाही, आधीच सांगतो.”

मी परत आले आणि दुसऱ्या चौकोनात खूण केली. तपासणारा. खाली माझं नाव, हुद्दा, तारीख. साहेब म्हणाले, “उत्तम,” आणि लगेच फॉर्मची घडी घातली. मॅनेजरांनी दिलेला शब्द पाळला. आता मी आवक-जावकच्या टेबलावर बसते आणि मालाला हात लावत नाही. ऑर्डर मात्र रद्द झाली नाही.

कारखान्यात पोचले तेव्हा मला वाटत होतं की मी आनंदाची बातमी आणली आहे. अंबय्यांनी फॉर्म हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

“चालू करू माग?”

“करा.”

“बरं.” ते जागचे हलले नाहीत. “बाई, तुमी साहेबाला विंग्रजीत लिवून दिलं. ते जाईल विलायतेला. हितं काय? आठ दिस ही मानसं मला विचारतायत, मालक, आपलं काय चुकलं. गल्ली विचारतीय. माझा व्याही विचारतोय. त्यांना मी काय दाखवू?”

“मी सांगते ना त्यांना.”

“सांगू नका. लिवा. मराठीत. आनि वाचा सगळ्यांम्होरं.”

मला राग आला. मी टेबल घालवून आले होते, आणखी काय हवं होतं या माणसाला? मग ओट्यावरची माणसं पाहिली आणि वही काढली. अंगणात बाया गठ्ठे सोडून लेबलं उसवायला बसल्या होत्या. जुन्या टाक्यांची भोकं मिटावीत म्हणून नरसम्मांनी कोपरे वाफेवर धरायची युक्ती काढली होती. त्यांनाही आत बोलावलं. साहेब दारात उभे राहिले, काय चाललंय हे त्यांना कळत नव्हतं आणि मी या वेळी भाषांतर केलं नाही.

कामगार आपापल्या मागापाशी उभे होते. मी वाचायला लागले. एक वाक्य झालं की नरसम्मा ते तेलुगूत सांगत. चादरी मंजूर नमुन्याप्रमाणे होत्या. रंग बरोबर होता. लांबी, रुंदी, वजन बरोबर होतं. विणकामात कोणताही दोष नव्हता.

हे वाक्य नरसम्मांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने, दाराबाहेर गल्लीत ऐकू जाईल असं.

अंबय्यांनी कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या विणकराकडे पाहून मान हलवली. त्याने खटका ओढला. पहिला माग सुरू झाला. मी आवाज चढवला: लेबल कोणत्या बाजूला लावायचं हे ज्यांनी कळवायला हवं होतं, त्यांनी कळवलं नाही. दुसरा माग सुरू झाला, मग तिसरा. नरसम्मा भाषांतर सोडून वाफेचं पातेलं बघायला गेल्या. मी ओरडून वाचत होते. शेवटची ओळ राहिली होती, चूक माझी आहे आणि त्याबद्दल मी क्षमा मागते. ती मी वाचली तेव्हा आठही माग चालू होते आणि माझ्याकडे कुणीही बघत नव्हतं.